झाडाचं वजन करणारा पाद्री : स्टीफन हेल्स



वनस्पतींमधील पाण्याचे वहन हा पाठ आपण सगळेच शिकवतो. मुळं पाणी शोषतात, खोडातून ते वर जातं आणि पानांतून वाफ होऊन बाहेर पडतं. वाक्यं तीनच. मुलं ती पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात, गुणही मिळवतात. पण एखादं चौकस मूल मध्येच हात वर करतं आणि विचारतं की पाणी किती जातं? आणि ते वर कोण चढवतं? झाडाला काही हृदय नसतं. पंपही नसतो.

या दोन प्रश्नांमागे लागलेल्या एका माणसाची गोष्ट आज सांगायची आहे. त्याचं नाव स्टीफन हेल्स. पेशाने तो वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता, प्राध्यापकही नव्हता. इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात तो चर्चचा पाद्री होता. तरीही वनस्पती-शरीरक्रियाशास्त्राचा पाया घालणारा म्हणून आज त्याचंच नाव घेतलं जातं. त्याच्याकडे होतं तरी काय? एक तराजू, काही काचेच्या नळ्या, थोडा पारा आणि मोजल्याशिवाय न बोलण्याची सवय. ही सवयच त्याच्या गोष्टीचा गाभा आहे. वर्गात नेण्यासारखीही तीच आहे.

बालपण आणि केंब्रिज

हेल्सचा जन्म १७ सप्टेंबर १६७७ चा, इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या बेक्सबोर्न गावचा. १६९६ मध्ये तो केंब्रिजला शिकायला गेला. शिक्षण धर्मोपदेशक होण्यासाठीचं होतं. पण त्या काळी केंब्रिजच्या हवेतच न्यूटनचं विज्ञान भरलेलं होतं. विश्वातल्या गोष्टी संख्येने, वजनाने आणि मापाने समजून घेता येतात, हा विचार तिथल्या तरुणांच्या मनात रुजत होता. हेल्सच्या मनात तो कायमचा रुजला.

तिथे त्याला विल्यम स्टकली नावाचा मित्र भेटला. तो वैद्यकाचा विद्यार्थी होता. दोघे मिळून केंब्रिजच्या आसपासची शेतं, ओढे, कुरणं पालथी घालत. जॉन रे या निसर्गअभ्यासकाने त्या भागातल्या वनस्पतींची यादी केली होती. ती हातात घेऊन झाडं ओळखायची, बेडूक पकडून त्यांची चिरफाड करायची, असा त्यांचा उद्योग चाले. हेल्सने ग्रहांच्या गती दाखवणारं एक पितळी यंत्रही स्वतः बनवलं होतं. म्हणजे बघा, पुस्तकासोबत हातही चालत होते.

१७०९ मध्ये हेल्स थेम्स नदीकाठच्या टेडिंग्टन गावात चर्चचा पाद्री म्हणून रुजू झाला. तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. तिथून तो पुढे हलला नाही. मरेपर्यंत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं, तो त्याच गावात राहिला. १७२० मध्ये लग्न झालं, पण वर्षभरातच पत्नी वारली. मूलबाळ नव्हतं, पुन्हा लग्नही केलं नाही. चर्च, गाव आणि घरामागची बाग एवढंच त्याचं जग होतं.

आधी घोडा, मग झाड

झाडांकडे वळण्याआधी हेल्सने प्राण्यांवर प्रयोग केले होते. त्याआधी विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्त शरीरात गोल फिरतं हे दाखवून दिलं होतं. पण हृदय रक्ताला किती जोराने ढकलतं, हे कुणीच मोजलेलं नव्हतं. हेल्सने ते मोजलं. एका घोडीला बांधून तिच्या मांडीतल्या धमनीत त्याने पितळी नळी बसवली आणि तिला उंच काचेची नळी जोडली. नळीत रक्त ८ फूट ३ इंच चढलं. रक्तदाब मोजण्याचा हा पहिला प्रयोग. आज दवाखान्यात आपल्या दंडाला पट्टा बांधतात ना, त्या मापनाची सुरुवात इथे आहे.

हे वाचताना तुमच्या अंगावर काटा आला असेल तर ते साहजिक आहे. भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती. आणि हे प्रयोग खुद्द त्याच्या ओळखीच्या लोकांनाही खुपत होते. शेजारच्या ट्विकनहॅममध्ये राहणारा प्रसिद्ध कवी अलेक्झांडर पोप हा हेल्सला मान देई, पण कुत्र्यांवरचे त्याचे प्रयोग त्याला मुळीच पटत नसत. हेल्सलाही या चिरफाडीचा उबग आला आणि काही वर्षांसाठी त्याने ते काम बाजूला ठेवलं. थोर माणसाची गोष्ट मुलांना सांगताना ही बाजू गाळू नये, असं मला वाटतं. एखादी माहिती कोणत्या किमतीला मिळाली, हा प्रश्न मुलांनी विचारायलाच हवा.

रक्ताचा जोर मोजता येतो, तर झाडातल्या रसाचा का नाही, हा विचार मात्र त्याच्या डोक्यात घोळत राहिला. पण मोजायचा कसा?

रडणारी वेल

मार्ग अचानक सापडला, आणि तोही एका अडचणीतून. हेल्सच्या बागेत द्राक्षाची एक जुनी वेल होती. तिची छाटणी वसंताच्या अगदी तोंडावर झाली. कापलेल्या जागेतून रस गळायला लागला आणि काही केल्या थांबेना. वेल मरते की काय, अशी त्याला भीती वाटली. सगळे उपाय थकले तेव्हा त्याने कापलेल्या तोंडावर जनावराच्या मूत्राशयाचं कातडं घट्ट बांधलं. थोड्या वेळाने पाहतो तर काय, कातडं फुग्यासारखं ताठ फुगलेलं! आतला रस त्याला बाहेर ढकलत होता.

दुसरा कुणी असता तर कातडं आणखी घट्ट बांधून मोकळा झाला असता. हेल्सच्या मनात आलं की हा जोर मोजायला हवा. त्याने दुसऱ्या एका वेलीच्या बुंध्याला काचेची नळी जोडली. रस चढत गेला तसतशा तो वर नळ्या जोडत गेला. रस २१ फुटांच्या वर चढला. मग नळ्यांऐवजी पाऱ्याची मोजपट्टी लावली. पारा साडेबत्तीस इंच वर गेला. पाण्याच्या हिशेबात ही उंची छत्तीस फुटांहून जास्त भरते. घोड्याच्या धमनीतलं रक्त चढलं होतं सव्वाआठ फूट. म्हणजे हृदय नसलेल्या त्या वेलीचा जोर घोड्याच्या हृदयाच्या चौपटीहून जास्त निघाला!

आज आपण याला मूलीय दाब म्हणतो. मुळांच्या पेशींत क्षार जास्त असतात, त्यामुळे मातीतलं पाणी परासरणाने आत येत राहतं आणि आतल्या पाण्याला वर ढकलतं. याचा पुरावा तुमच्या परसात आहे. पावसाळ्यात पहाटे अळूच्या पानाच्या टोकाला पाण्याचा टपोरा थेंब लोंबताना पाहिलाय ना? तो दरवेळी दवाचाच असतो असं नाही. बऱ्याचदा तो मुळांनी ढकललेला, पानाच्या कडेने बाहेर आलेला झाडाचाच थेंब असतो.

इथे थांबला असता तरी हेल्सचं नाव झालं असतं. झाडाचं हृदय मुळात सापडलं, असं त्याला जाहीर करता आलं असतं. पण त्याच्या नोंदींत एक गोष्ट अडत होती. वेल रडते ती पानं फुटायच्या आधी. पानं मोठी झाली की रस गळणं बंद होतं. ऐन उन्हाळ्यात, झाडाला पाण्याची सर्वांत जास्त गरज असताना, हे ढकलणं कुठे जातं? मुळं हाच पंप असेल तर तो नेमका कामाच्या वेळी बंद का पडतो?

कुंडी तराजूवर चढली

उत्तर शोधायला हेल्सने पानांकडे मोर्चा वळवला. ३ जुलै १७२४ रोजी त्याने साडेतीन फूट उंचीचं सूर्यफुलाचं झाड कुंडीसकट घेतलं. कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा बसवून सगळ्या फटी बुजवल्या, म्हणजे मातीतून वाफ जाणार नाही. पाणी घालायला एक छोटी नळी ठेवली आणि तिलाही बूच लावलं. कुंडीच्या बुडाची भोकंही बंद केली. आता कुंडीतून पाणी जायची वाट उरली ती झाडाच्या अंगातून. ८ ऑगस्टपर्यंतच्या काळात पंधरा दिवस त्याने ही कुंडी सकाळ-संध्याकाळ तोलली.

इथे त्याची एक खबरदारी मुलांना आवर्जून सांगा. कुंडी मातीची होती, झिलई नसलेली. तिच्या अंगातूनही थोडं पाणी झिरपून उडणार. ते किती? हे कळायला त्याने शेवटी झाड कापून टाकलं, बुंधा झाकला आणि नुसती कुंडी तोलत राहिला. दिवसाच्या बारा तासांत ती दोन औंस पाणी घालवत होती. तेवढे दोन औंस त्याने हिशेबातून वजा केले. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे समजवायला याहून सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता आकडे बघा. सूर्यफूल दिवसाच्या बारा तासांत सरासरी २० औंस, म्हणजे सुमारे ५६७ ग्रॅम पाणी सोडत होतं. एका कोरड्या, कडक उन्हाच्या दिवशी हा आकडा ३० औंसांवर गेला. म्हणजे ८५० ग्रॅम! रात्री मात्र जेमतेम ३ औंस. दव पडलं तर काहीच नाही. भरपूर दव किंवा पाऊस असेल तर सकाळी कुंडी उलट दोन-तीन औंस जड भरायची. उन्हाचा आणि झाडातून जाणाऱ्या पाण्याचा संबंध काय, हे तराजूनेच सांगून टाकलं.

एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. झाडाची सगळी पानं काढून आकाराप्रमाणे त्यांचे पाच ढीग केले. पाव-पाव इंचाचे चौकोन पडतील अशी दोऱ्यांची जाळी बनवली आणि ती पानांवर ठेवून क्षेत्रफळ मोजलं. आपण मुलांना आलेख कागदावर पान ठेवून चौकोन मोजायला लावतो ना, तीच रीत. सगळ्या पानांचं क्षेत्रफळ आलं ५६१६ चौरस इंच, म्हणजे ३९ चौरस फूट. मुळंही धुऊन मोजली. ती भरली २२७६ चौरस इंच, जेमतेम १६ चौरस फूट. मग त्याने गणित मांडलं. रोज उडून जाणारं पाणी पानांवर सारखं पसरलं तर थर किती जाड होईल? इंचाचा १६५ वा भाग. कागदासारखा पातळ थर, पण पानं पुष्कळ असल्यामुळे एकूण पाणी अर्ध्या लिटरच्या वर जातं.

माणसाच्या अंगातून दिवसाला किती पाणी उडून जातं, याचे आकडे तेव्हा उपलब्ध होते. त्यांच्याशी तुलना करून हेल्सने काढलं की आकारमानाच्या मानाने सूर्यफुलातून माणसाच्या सतरा पट पाणी ये-जा करतं.

पानं असलेली फांदी आणि बोडकी फांदी

पाणी पानांतून जातं हे ठरलं. पण पानं नुसतीच पाणी घालवतात, की वर ओढतातही? यासाठी हेल्सने जो प्रयोग केला, तो इतका सोपा आहे की पाचवीचं मूलही करू शकेल.

सफरचंद, नासपती, चेरी, जर्दाळू अशा झाडांच्या दोन-दोन फांद्या त्याने कापल्या. प्रत्येक जोडीतल्या एकीची पानं तशीच ठेवली, दुसरीची सगळी काढून टाकली. मग त्या पाणी भरलेल्या भांड्यांत उभ्या केल्या. दिवसाच्या बारा तासांत पानांच्या फांद्यांनी पानांच्या प्रमाणात कुणी १५, कुणी २०, तर कुणी ३० औंस पाणी ओढलं. बोडक्या फांद्यांनी किती? एक औंस. या फांद्यांना मूळ नव्हतंच. म्हणजे मुळांनी ढकलण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही पाणी वर चढलं, कारण वर पानं होती.

मग त्याने उलट बाजूनेही तपासलं. ऑगस्टमध्ये, नासपतीचं झाड पानांनी भरलेलं असताना, अडीच फूट खणून त्याने एक मूळ उघडं केलं. टोक कापून ते पाण्याने भरलेल्या काचेच्या नळीत बसवलं आणि नळीचं खालचं तोंड पाऱ्यात बुडवलं. मूळ पाणी ओढू लागलं तसा त्याच्यामागून पारा नळीत वर चढला. सहा मिनिटांत आठ इंच! झाड वरून ओढत होतं आणि ती ओढ जमिनीखालच्या मुळाच्या टोकापर्यंत पोचत होती.

वेलीचं कोडं इथे सुटलं. वसंतात पानं नसताना मुळं ढकलतात. उन्हाळ्यात पानांतून भराभर पाणी उडतं, तेव्हा वरची ओढच इतकी असते की ढकलायला शिल्लक काही राहत नाही.

आवडती कल्पना सोडून देणं

इथे हेल्सच्या स्वभावाची खरी परीक्षा होती. हार्वेनंतर अनेक विद्वानांना वाटत होतं की प्राण्यांत रक्त फिरतं तसा झाडांतही रस गोल फिरत असणार, वर जाऊन सालीतून परत खाली येत असणार. कल्पना सुंदर होती. घोड्याचा रक्तदाब मोजणाऱ्या हेल्सला तर ती आवडायलाच हवी होती. झाड म्हणजे हिरवा प्राणी, एवढं म्हटलं की सगळं नीट बसतं.

पण त्याने मोजलं. फांदीला एका बाजूने गाभ्यापर्यंत खाच पाडली आणि थोडं वर विरुद्ध बाजूने दुसरी खाच. सरळ वर जाणारी कुठलीच वाट अखंड राहिली नाही. तरीही फांदी पाणी ओढत राहिली. म्हणजे पाणी आडवंही सरकतं. ठिकठिकाणी साल काढून पाहिली. रस चक्राकार फिरत असल्याचा पुरावा कुठेच मिळेना. शेवटी त्याने सरळ लिहून टाकलं की प्राण्यांसारखं अभिसरण झाडात नाही. पाणी वर चढतं, बहुतांश उडून जातं, आणि त्याची जागा भरायला खालून नवं पाणी येतं. मुलांना नकाशावरची नदी दाखवा आणि सांगा की झाडातलं पाणी असंच एका दिशेने वाहतं, फक्त खालून वर.

हे सगळं १७२७ मध्ये व्हेजिटेबल स्टॅटिक्स या पुस्तकात छापलं गेलं. रॉयल सोसायटीने हेल्सला १७१८ मध्येच सदस्य करून घेतलं होतं. पुस्तक छापण्याच्या संमतीवर सही होती सोसायटीचे अध्यक्ष आयझॅक न्यूटन यांची. महिन्याभराने न्यूटन वारले. याच पुस्तकात पदार्थ तापवून निघणारी हवा पाण्यावर गोळा करण्याचं उपकरण होतं. प्रीस्टली आणि लॅव्हाझिए यांना वायूंच्या अभ्यासात त्याचा मोठा उपयोग झाला. पानं हवेतून काही अन्न घेत असावीत, अशी शंकाही हेल्सने त्यात नोंदवली. प्रकाशसंश्लेषणाची पहिली चाहूलच म्हणा ना!

तराजू घेऊन गावात

हेल्स आयुष्यभर प्रयोगशाळेत रमला, असं समजू नका. पुढची तीस-पस्तीस वर्षं त्याने ही मोजण्याची सवय माणसांच्या कामी आणली.

त्या काळी लंडनच्या तुरुंगांत आणि जहाजांवर ताप येऊन माणसं पटापट मरत. कोंदट हवा हे कारण आहे, असं हेल्सला वाटलं. मोठाले भाते बसवून आतली हवा बाहेर टाकणारी यंत्रं त्याने १७४० च्या दशकात बनवली. न्यूगेट तुरुंगात पवनचक्कीवर चालणारं यंत्र बसलं. जहाजांवर आणि इस्पितळांत अशी यंत्रं गेली, मृत्यू कमी झाल्याच्या नोंदी आल्या. गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवरही ती बसली. माणसं जिवंत पोचावीत म्हणून हवा दिली, पण त्यांना विकायला नेणाऱ्या धंद्याला हात लागला नाही. त्या काळाचं हे क्रूर वास्तवही मोठ्या मुलांशी बोलण्यासारखं आहे. तुरुंगातला तो ताप म्हणजे टायफस. तो उवांमुळे पसरतो, हे १९०९ मध्ये उमगलं. हेल्सचं कारण अपुरं होतं, पण कोंडलेल्या माणसांना मोकळी हवा मिळाली ती त्याच्यामुळे.

दारूच्या व्यसनाविरुद्धही त्याने पुस्तिका लिहिली. १७५४ मध्ये टेडिंग्टनला चांगलं पाणी मिळावं म्हणून त्याने खटपट केली. आणि पाणी आल्यावर त्याने काय करावं? चर्चच्या नोंदवहीत लिहून ठेवलं की सेकंदाच्या लंबकाचे तीन झोके होईपर्यंत दोन क्वार्टचं, म्हणजे सव्वादोन लिटरच्या आसपासचं भांडं भरतं. लंबकाची लांबीसुद्धा इंचाच्या दशांशापर्यंत लिहिली. पाणी भरपूर येतं, असं मोघम लिहिणं त्याच्या स्वभावातच नव्हतं!

४ जानेवारी १७६१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, हेल्स टेडिंग्टनमध्येच वारला. त्याच्याच चर्चच्या मनोऱ्याखाली त्याला पुरलं. राजघराण्यातल्या प्रिन्सेस ऑगस्टा यांनी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याचं स्मारक उभारलं. पांढऱ्या घंटेसारखी फुलं येणाऱ्या झाडांच्या एका प्रजातीला हॅलेसिया हे त्याचं नाव मिळालं.

हेल्सनंतर

पानं ओढतात हे हेल्सने दाखवलं. पण शंभर मीटरहून उंच रेडवूडच्या शेंड्यापर्यंत पाण्याचा धागा न तुटता कसा जातो, हे कोडं दीडशेहून अधिक वर्षं राहिलं. १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी त्याचं उत्तर मांडलं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. जलवाहिन्या म्हणजे मेलेल्या पेशींच्या पोकळ, बारीक नळ्या. पर्णरंध्रातून पाणी उडालं की पानातलं पाणी मागच्या पाण्याला ओढतं, ते त्याच्या मागच्याला, आणि ही साखळी थेट मुळापर्यंत जाते. विहिरीतून दोर ओढल्यासारखं. ओढणारी शक्ती सूर्याची, झाडाने फक्त वाट दिलेली.

आपल्या जगदीशचंद्र बोसांनीही या प्रश्नावर काम केलं. १९२३ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी असं मांडलं की खोडातल्या जिवंत पेशी हृदयासारख्या आकुंचन-प्रसरण पावून रस वर चढवतात. ही कल्पना पुढे टिकली नाही. झाडातल्या हृदयाचा मोह किती मोठा असतो, हे यावरून दिसतं. बोसांचं मोठेपण त्याने कमी होत नाही. विज्ञानात मोठ्या माणसाचं म्हणणंही तपासलं जातं, एवढंच मुलांना कळू द्या.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. कुंडीचं वजन : लहान कुंडीतलं रोप घ्या. कुंडी आणि माती प्लास्टिकच्या पिशवीत घालून खोडाभोवती घट्ट बांधा. पानं बाहेर राहू द्या. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सकाळ-संध्याकाळ वजन घेऊन आठवडाभर तक्ता भरा. एक दिवस उन्हात, एक दिवस सावलीत, एक दिवस पंख्याखाली. पिशवीत बांधलेली, रोप नसलेली दुसरी कुंडी शेजारी ठेवायला विसरू नका.

२. दोन फांद्या : पेरूच्या किंवा जास्वंदीच्या सारख्या जाडीच्या दोन फांद्या घ्या. एकीची पानं काढा. दोन सारख्या बाटल्यांत सारखं पाणी घेऊन त्या ठेवा, पाण्यावर थोडं तेल घाला म्हणजे पाणी तसंच उडणार नाही. पाण्याच्या पातळीला पेनने खूण करा. दुसऱ्या दिवशी मुलांनाच बोलू द्या.

३. पानाचं क्षेत्रफळ : आलेख कागदावर पान ठेवून चौकोन मोजा, पानांच्या संख्येने गुणा. गणिताचा तास आणि विज्ञानाचा तास एकत्र!

याचा उपयोग परीक्षेपुरता नाही. रोप एका जागेहून दुसरीकडे लावताना जाणती माणसं काही पानं का छाटतात, हे मुलांना आपोआप कळेल. मुळं तुटलेली असतात आणि पानं मात्र पहिल्याइतकंच पाणी उडवत असतात. एप्रिल-मेच्या उन्हात लावलेलं रोप पाणी घालूनही का माना टाकतं, तेही कळेल. दर पावसाळ्यात शाळाशाळांतून वृक्षारोपण होतं. त्यातली किती झाडं पुढचा उन्हाळा बघतात, हे आपण सगळेच जाणतो. रोप लावणाऱ्या मुलाला झाडाच्या पाण्याचा जमाखर्च समजला, तर त्यातली आणखी काही नक्की जगतील.

म्हणून पुढच्या वेळी हा पाठ घ्याल तेव्हा फळ्यावर व्याख्या लिहिण्याआधी टेबलावर एक वजनकाटा ठेवा. बाष्पोच्छ्वास हा शब्द नंतर सांगितला तरी चालेल. आधी झाड किती पाणी सोडतं, ते मुलांना मोजू द्या.